टेकडीला दहा वर्षांची मुदत नसते : वारज्याच्या एका खातेदाराचे नगरविकास विभागास खुले पत्र

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री आणि नगरविकास विभागातील सर्व संबंधित अधिकारी,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : पुण्यातील टेकड्यांवरील जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण कायमस्वरूपी करण्याबाबत व जमीनमालकांच्या मोबदल्याबाबत

सविनय नमस्कार.

वारज्याच्या टेकडीच्या उतारावर आमच्या कुटुंबाची 40 गुंठे जमीन आहे. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर आम्हा तीन भावंडांची वारसनोंद झाली आहे आणि विकास आराखड्यात त्या गटावर जैववैविध्य उद्यानाचे, म्हणजे पुण्यात सगळे ज्याला बीडीपी म्हणतात त्याचे, आरक्षण आहे. टेकड्या वाचवा असे म्हणणाऱ्या माणसाला हमखास ऐकावे लागते की, जमीन दुसऱ्याची, तुमचे काय जाते? म्हणून सुरुवातीलाच सांगते की जमीन आमची आहे, जे जाते आहे ते आमचेच जाते आहे, आणि तरीही त्या उतारावर कधीही बांधकाम होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मात्र गेली वीस वर्षे शासनाने ही टेकडी ना धड वाचवली आहे, ना आम्हाला मोबदला देऊन मोकळे केले आहे, आणि आता या दोन्ही गोष्टींवर पाणी सोडण्याची वेळ येईल की काय अशी भीती वाटू लागल्यामुळे हे पत्र खासगी अर्ज म्हणून न पाठवता सर्वांनी वाचावे अशा रीतीने लिहीत आहे.

निमित्त दोन आहेत. बीडीपी आणि डोंगरमाथा-डोंगरउतार क्षेत्रांच्या नियमांचा फेरविचार करण्यासाठी शासनाने 2025 मध्ये एका निवृत्त सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. अभ्यासाला माझा विरोध नाही. परंतु 2005 मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मान्य केलेल्या आणि दहा वर्षे विचार करून 2015 मध्ये शासनाने स्वतः कायम केलेल्या आरक्षणाचा आणखी दहा वर्षांनी पुन्हा मुळापासून विचार होतो, तेव्हा सामान्य माणसाला त्याचा एकच अर्थ कळतो, तो म्हणजे टेकडीबाबतचा कोणताच निर्णय पक्का नसतो. दुसरे निमित्त त्याहून गंभीर आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक खरेदी सूचना, म्हणजे जमीन विकत घ्या अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. 2015 मध्ये मंजूर झालेल्या आरक्षणाची दहा वर्षे आता उलटून गेली आहेत. ज्या खातेदाराला बांधकामच करायचे आहे, त्याने आता फक्त एक नोटीस द्यायची आणि दोन वर्षे वाट पाहायची.

आमचे गाव 1997 साली महापालिकेत आले. त्या वेळी 38 गावे घेतली होती, पुढे काही वगळून 23 उरली, त्यात वारजे राहिले. तोपर्यंत टेकडी ही आमच्यासाठी निसर्ग वगैरे नव्हती, ती कामाची जागा होती. खालच्या अंगाला बाजरी आणि बांधाच्या कडेने हुलगा-मटकी होत असे, वरच्या अंगाला मुरमाड जमिनीत फक्त गवत. पावसाळा सरला की आजोबा आणि चुलते पवन्या गवत कापून भारे बांधत आणि बैलगाडीने शहरातल्या गोठ्यांवर नेऊन विकत, आणि त्या पैशांत आमची दिवाळी होत असे. उताराच्या पायथ्याशी आमची विहीर आहे. बांधलेली, बारा परस खोल. माझ्या लहानपणी तिला अक्षय्य तृतीयेपर्यंत पाणी असे. वरच्या बाजूचा उतार फोडून तिथे सपाट पट्ट्या पाडल्या गेल्या त्याला आता पंधरा-सोळा वर्षे झाली असतील, आणि आता शिमग्यालाच विहिरीचा तळ दिसतो.

हे का होते, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पुण्याच्या टेकड्या बेसाल्टच्या आहेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झालेल्या. या कातळातून पाणी सहजासहजी झिरपत नाही. ते मुरते ते वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरातून आणि दोन थरांमधल्या सांध्यांतून. गवताची मुळे पावसाला अडवून धरतात, पाणी हळूहळू आत जाते आणि महिन्यांनंतर पायथ्याच्या विहिरीत, झऱ्यात, बोअरवेलमध्ये उतरते. मुरूम काढून नेला की पाणी धरून ठेवणारा हा थरच जातो, आणि जे पाणी महिनोन्‌महिने खाली झिरपायचे ते एका तासात खाली धावते. म्हणजे कोरडी विहीर आणि ओढ्याचा पूर या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत.

पुण्याने हे पाहिलेले आहे. जून 2013 मध्ये कात्रजच्या जुन्या घाटाजवळ शिंदेवाडी इथे टेकडी फोडून पाण्याच्या वाटेत भराव टाकलेला होता. पहिल्याच मोठ्या पावसात ते पाणी महामार्गावर आले आणि मोटारीतून जाणाऱ्या मायलेकी वाहून गेल्या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर या भागांत अनेक माणसांचे जीव घेतले. त्यानंतर संरक्षक भिंतींवर खर्च झाला, ओढ्याच्या रुंदीवरून वाद झाले. पण ओढा सुरू होतो तिथे, वरच्या उतारांवर, काय चालले आहे याची मोजदाद त्या सगळ्या चर्चेत फार मागे राहिली.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार मोबदल्याची आहे, आणि तिच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण टेकड्यांच्या बाजूने लिहिणारे बहुतेक जण हा विषय टाळतात आणि टेकड्यांच्या विरोधात बोलणारे याच विषयाचा आधार घेतात. 2015 मध्ये बीडीपीतील जमीनमालकांसाठी क्षेत्राच्या 8 टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरवण्यात आला. आमच्या 40 गुंठ्यांवर हा हिशोब केला तर 3.2 गुंठे येतात. याच शहरात, याच शासनाच्या नियमावलीत, दाट वस्तीबाहेरच्या भागात बागेसाठी किंवा रस्त्यासाठी आरक्षित जमीन दिली तर क्षेत्राच्या दुप्पट, म्हणजे 80 गुंठ्यांइतका टीडीआर मिळतो. महापालिकेने लॉन, कारंजे आणि फरशीचे रस्ते करायचे ठरवले तर 80 गुंठे, आणि लाखो वर्षांची टेकडी तशीच ठेवायची ठरवली तर 3.2 गुंठे. हा फरक कशाच्या आधारे ठरवला, हे मला आजवर कुठल्याही शासकीय कागदात पटेल अशा रीतीने लिहिलेले सापडलेले नाही. उतारावर बांधकाम करताच येत नसल्याने तिथल्या जमिनीला किंमत नाही, असे एक उत्तर तोंडी दिले जाते. पण मग ज्या जमिनीला किंमतच नाही, ती गुंठ्या-गुंठ्याने लाखो रुपयांना विकली कशी जाते?

ती कशी विकली जाते, हे मी फार जवळून पाहिले आहे. मी 29 वर्षे एका सहकारी बँकेत काम केले, त्यातली बरीच वर्षे कर्ज विभागात. एका दुपारी रिक्षाचालकाची पत्नी पिशवीत कागद घेऊन आली. घर बांधायला कर्ज हवे होते. तिच्याकडे पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार होता, एका गुंठ्याचा, सोबत कुलमुखत्यारपत्राची झेरॉक्स आणि हाताने काढलेला प्लॉटचा नकाशा. सातबारा नव्हता, मोजणी नव्हती, आणि गट नंबर पाहिल्याबरोबर मला कळले की ही जमीन बीडीपीत आहे. मी तिला समजावून सांगितले की यावर कुठलीही बँक तारण घेणार नाही, कारण तुमच्या नावावर काहीच झालेले नाही. तिने दागिने मोडून आणि गावाकडची दोन जनावरे विकून पैसे भरलेले होते. तिने मला विचारले, ‘मग आम्ही घेतले ते काय आहे?’ मला उत्तर देता आले नाही. तिला गुंठा विकणारा मध्यस्थ मूळ मालकाकडून जमीन घेताना म्हणाला असणार की शासन तुला काही देणार नाही, माझ्याकडून रोख घे. आणि ते त्या वेळी खरेच होते. मोबदला न देता आरक्षण टाकणे म्हणजे मालकाला दलालाच्या दारात नेऊन उभे करणे आहे. त्याचा तोटा मालकाला होतो, त्या रिक्षावाल्याच्या कुटुंबाला होतो आणि टेकडीला होतो. फायदा फक्त मधल्या माणसाला होतो.

दुसरी तक्रार नियमितीकरणाची. गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारी अधिनियम 2001 साली आला, तेव्हा 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या विकासापुरता. 2021 च्या दुरुस्तीने ती तारीख थेट 31 डिसेंबर 2020 वर आली. आरक्षित जमिनीसाठी नियम वेगळे असतील, अटी असतील, हे मला माहीत आहे. पण टेकडीवर गुंठा विकणारा अटी वाचून दाखवत नाही. एकदा तारीख वाढली म्हणजे पुन्हा वाढेल, एवढेच तो सांगतो आणि लोक विश्वास ठेवतात, कारण तसे घडलेले त्यांनी पाहिलेले आहे.

तिसरी तक्रार अंमलबजावणीची. एका वर्षी दिवाळीच्या सुट्ट्यांत, सगळी कार्यालये बंद असताना, आमच्या गटाच्या वरच्या अंगाला रात्री पोकलेन चालू झाला. पहाटे जाऊन पाहिले तर साधारण दोन पुरुष खोल उभा छेद घेतलेला होता, कापलेल्या बाजूला मुरमाचा ताजा लालसर रंग, वरच्या काठावर मेडशिंगीचे एक झाड अर्धी मुळे हवेत घेऊन उभे होते, आणि खालच्या ओघळीत डंपरभर राडारोडा लोटलेला होता. मी तक्रार केली. एका कार्यालयाने सांगितले की उत्खनन हा महसुलाचा विषय आहे, दुसऱ्याने सांगितले की आरक्षण आहे म्हणजे महापालिकेचा विषय आहे. पंचनामा झाला तोवर तीन आठवडे गेले होते आणि त्या छेदाच्या पुढे पत्र्याची शेड उभी राहिली होती. मेडशिंगी पुढच्या पावसात पडली. ज्या जमिनीची हद्द जागेवर दगड रोवून दाखवलेली नाही, जिच्या सातबाऱ्यावर आरक्षणाची नोंद ठळकपणे नाही आणि जिच्या रक्षणाची जबाबदारी कुणा एकाची नाही, तिचे रक्षण होत नाही. 1:5 किंवा त्याहून तीव्र चढ असलेल्या जमिनीवर विकास करता येत नाही, हा नियम राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. पाच मीटर आडवे गेले की एक मीटर चढ, इतका साधा हिशोब. पण मोजायला माणूस येईपर्यंत टेकडी कापून सपाट केलेली असते, आणि मग मोजलेला चढ नियमात बसतो.

चौथी तक्रार नव्या गावांची. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 अशी 34 गावे महापालिकेत आली. त्यातली दोन पुढे वेगळी झाली. या गावांना वारज्यापेक्षा मोठ्या टेकड्या आहेत. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप विकास आराखडा 2025 मध्ये रद्द झाला. जुन्या शहराचा 2007 ते 2027 साठीचा आराखडा मंजूर व्हायला 2017 उजाडले होते. म्हणजे वीस वर्षांचा आराखडा निम्मी मुदत संपल्यावर लागू होतो. या मधल्या काळात टेकड्या थांबून राहत नाहीत. आराखडा येईल तेव्हा नकाशावर हिरवा रंग भरायला उतार शिल्लक असतील का, हा प्रश्न आज विचारायचा आहे.

पाचवी तक्रार छोटी वाटेल, पण टेकडीवर वाढलेल्या माणसाला ती बोचते. हिरवळ वाढवणे म्हणजे खड्डे खणून रोपे लावणे, एवढेच शासनाच्या मनात बसलेले आहे. पुण्याच्या अनेक टेकड्यांवर वर्षानुवर्षे गिरिपुष्प लावले गेले. ते लवकर वाढते, लांबून हिरवे दिसते, आणि त्याच्याखाली फारसे काही उगवत नाही. आमच्या वरच्या अंगाचा माळ पडीक नाही. तिथे पवन्या आणि कुसळी गवत आहे, त्यात चंडोल आणि टिटव्या घरटी करतात, जिथे माती जरा खोल आहे तिथे साळई, मोई, धावडा आणि पळस स्वतःहून उगवतात, आणि पहिल्या पावसानंतर झुडपांत नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. इथे जेसीबीने चर काढून रोपे लावणे हे संवर्धन नाही, तीही मोडतोडच आहे. गवताळ माळाला माळ म्हणून राखायचे असते, हे आराखड्यात शब्दांत लिहिले गेले पाहिजे.

काही लोक म्हणतात की शहर वाढते आहे, घरे हवी आहेत, एवढी जमीन मोकळी ठेवणे परवडणार नाही. घरांची गरज मी नाकारत नाही, कर्जाचे अर्ज घेऊन आलेली शेकडो कुटुंबे मी पाहिली आहेत. पण आकडे पाहावेत. बीडीपीचे क्षेत्र सुमारे 978 हेक्टर आहे. 2011 च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या 31 लाखांच्या वर होती. म्हणजे तेव्हाच्या माणसांना वाटले तरी डोईमागे तीन चौरस मीटर येतात, आणि माणसे तेव्हापासून वाढलीच आहेत. केंद्र शासनाच्या 2014 च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. बीडीपी पूर्णपणे राखली तरी आपण त्या मापाच्या जवळपास पोहोचत नाही. तेव्हा ही चर्चा जास्तीच्या जमिनीची नाही, कमी पडणाऱ्या जमिनीची आहे.

कायद्याचा आधार नाही, असेही म्हणता येणार नाही. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या प्रकरणात 1991 मध्ये दिला. नैसर्गिक संपत्तीचे शासन हे विश्वस्त आहे, मालक नव्हे, हे तत्त्व त्यानंतर काही वर्षांतच न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मांडले. 15 मे 2025 रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने आमच्याच पुण्यातल्या कोंढवा बुद्रुक येथील 11.89 हेक्टर राखीव वनजमिनीचे 1998 मधील वाटप बेकायदा ठरवले आणि महसूल विभागांच्या ताब्यातील राखीव वनजमिनी अन्य कारणांसाठी खासगी हातांत गेल्या आहेत का, हे तपासण्यासाठी सर्व राज्यांना विशेष तपास पथके नेमायला सांगितले. शेजारच्या कर्नाटकाने कब्बन पार्क आणि लालबाग यांच्यासाठी 1975 मध्येच स्वतंत्र कायदा केला. दिल्लीतला रिज 1994 मध्ये राखीव वनासाठी अधिसूचित झाला. पुण्याच्या टेकड्यांना मात्र आजही दहा वर्षांनंतर व्यपगत होऊ शकणाऱ्या एका आरक्षणाचाच आधार आहे, आणि नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खालचा फेरबदल करायचा तर एक नोटीस आणि हरकतींसाठी एक महिना पुरतो.

आणि शासनाला हे जमत नाही असेही नाही. आमच्याच वारज्यात वनविभागाच्या सुमारे 40 एकर जागेवर एके काळी अतिक्रमण आणि कचरा होता. 2015 पासून वनविभाग, नागरिक आणि काही संस्थांनी मिळून तिथे शहरी वन उभे केले. 5 जून 2020 रोजी केंद्राने पाच वर्षांत 200 नगरवने उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा वारज्याच्या या वनाचा नमुना म्हणून उल्लेख झाला. गावाला त्याचा अभिमान वाटला, मलाही वाटला. त्या 40 एकरांवर जे शक्य झाले ते जमीन वनविभागाच्या नावावर असल्यामुळे, हद्द ठरलेली असल्यामुळे आणि जबाबदार माणूस ठरलेला असल्यामुळे शक्य झाले. शेजारच्या उतारांना या तिन्ही गोष्टी मिळालेल्या नाहीत.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पुण्याच्या टेकड्यांसाठी, आणि खरे तर राज्यातील सर्व शहरांच्या टेकड्यांसाठी, विधिमंडळाने स्वतंत्र कायदा करावा, ज्याखालील क्षेत्राला कलम 127 लागू होणार नाही आणि ज्यात बदल करायचा असेल तर तो शासनाच्या अधिसूचनेने नव्हे, फक्त विधिमंडळाच्या मंजुरीने होईल. वर सांगितल्याप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने विश्वस्ताचे जे कर्तव्य सांगितले, ते पाळण्याचा हाच सरळ मार्ग आहे.

तो कायदा होईपर्यंत, ज्या खातेदारांनी खरेदी सूचना दिली असेल किंवा पुढे देतील, त्यांच्या जमिनींचे संपादन 24 महिन्यांच्या आत सुरू करावे आणि त्यासाठीचा निधी अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा. एकही बीडीपी गट केवळ मुदत टळल्यामुळे मोकळा होता कामा नये.

जमीनमालकांना बागेच्या आरक्षणाइतकाच टीडीआर द्यावा. ज्यांना टीडीआर नको त्यांना 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे रोख रक्कम द्यावी. ज्या गुंठाधारकांची फसवणूक झाली आहे त्यांची वेगळी यादी करून, त्यांना टेकडीवर नियमित न करता, सपाट जमिनीवर घर मिळण्याची सोय करावी, आणि ज्यांनी त्यांना कागद करून दिले त्यांच्यावर गुन्हे नोंदवावेत.

भूमी अभिलेख विभागाकडून प्रत्येक बीडीपी गटाची मोजणी करून हद्दीचे दगड बसवावेत, आरक्षणाची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी आणि आजचे उतार उपग्रह व ड्रोनच्या नकाशांवर नोंदवून ते नकाशे लोकांना पाहायला खुले करावेत. यापुढे कापून सपाट केलेल्या जमिनीचा चढ त्या जुन्या नकाशावरूनच मोजला जावा.

नव्याने आलेल्या गावांत आराखडा मंजूर होण्याची वाट न पाहता तीव्र उतारांवरील उत्खनन आणि बांधकाम परवानग्या तत्काळ थांबवाव्यात. ओढ्यांचे नियोजन उगमापासून नदीपर्यंत एकत्र व्हावे. आणि 2025 च्या अभ्यासगटापुढे आलेली निवेदने, टिपणे आणि शिफारशी मराठीत, संपूर्ण, सर्वांना वाचता येतील अशा प्रसिद्ध कराव्यात, आणि त्यावर निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी जाहीर सुनावणी घ्यावी. खातेदार, गुंठाधारक आणि रोज टेकडीवर फिरायला येणारे लोक एकाच मांडवात बसून बोलतील अशी सुनावणी आजवर झालेली मी तरी पाहिलेली नाही.

या पत्राचे लेखी उत्तर पुढचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी मिळावे, ही विनंती आहे.

आमच्या गटाचा सातबारा, फेरफार आणि मोजणीची प्रत माझ्याकडे तयार आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ आपण बोलवाल त्या दिवशी येऊन जमीन कायमची टेकडी म्हणून देण्याच्या कागदावर सही करू. थोरल्या भावाची तयारी नाही. त्याच्या दोन मुलींची लग्ने व्हायची आहेत, 3.2 गुंठ्यांचा आकडा त्याला मान्य नाही, आणि गेल्या वर्षभरात त्याच्याकडे दोन वेळा एक मध्यस्थ येऊन गेला आहे. मी त्याला थांबवून धरले आहे. किती दिवस धरता येईल, हे आपल्या उत्तरावर आहे.

आपली विश्वासू,
वारजे, पुणे येथील एक खातेदार